ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचल्या, आणि पुढे त्या वापराव्याही लागल्या

गेल्या वर्षभरात ग्राफिक्स कार्डाच्या वॉरंटीची दोन्ही टोकं मी पाहिली. एका कार्डाचा क्लेम नाकारला गेला, दुसऱ्याचा मंजूर झाला, आणि मधल्या काळात नवं कार्ड घेण्याआधी जितक्या कंपन्यांच्या अटी मिळतील तितक्या वाचून काढल्या. कार्डांचा वेग, तापमान, पंख्यांचा आवाज यांच्या तुलना हव्या तेवढ्या मिळतात. कार्ड बिघडल्यावर नेमकं काय करायचं असतं हे मात्र पायरीपायरीने सांगणारं मला कुणी सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं काम थ्रीडी मॉडेलिंग आणि रेंडरिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर त्रिमितीय आकार घडवून त्यांची तयार चित्रं काढण्याचं, तेही घरून. कार्ड बंद तर काम बंद. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रेंडर चालू असताना पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उमटायला लागले. थोड्याच दिवसांत नुसतं ब्राउझर उघडलं तरी तेच. डीडीयू हे साफसफाईचं सॉफ्टवेअर वापरून ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) मुळापासून काढला आणि पुन्हा टाकला, कार्डाचा वेग कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणला, केबल बदलली, दुसरा मॉनिटर लावून पाहिला. शंका मिटली ती एका साध्या गोष्टीने. कॉम्प्युटर चालू केल्या केल्या बायॉसचा जो पडदा येतो, त्यावरही तेच चौकोन होते. तोवर विंडोज आणि ड्रायव्हर सुरूच झालेले नसतात. केबल आणि मॉनिटर बदलूनही तिथे खुणा दिसत असतील तर दोष बहुधा कार्डातच, आणि बऱ्याचदा त्याच्या मेमरीत. अशी वेळ आली तर बायॉसच्या पडद्याचा व्हिडिओ सगळ्यात आधी काढून ठेवा. ‘ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहा’ हा सपोर्टचा टप्पा त्यामुळे लवकर उरकतो.

हे कार्ड सेकंडहँड होतं. ओळखीतल्या एकाकडून घेतलेलं, मूळ बिलासकट, वॉरंटीची बरीच मुदत शिल्लक असताना. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला की मुदत चालू दिसत होती. तिकीट उघडलं, म्हणजे सपोर्टकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली, बिल जोडलं, व्हिडिओ जोडला. आठवड्याभराने उत्तर आलं: बिलावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव जुळत नाही, वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला. मग मूळ मालकाच्या नावाने अर्ज करता येईल का असं विचारलं, तर कार्ड विकलं गेल्याची नोंद तिकिटावर झाली असल्याने आता तेही शक्य नाही, असं कळलं. पुढे दोन-तीन पत्रं लिहून पाहिली, प्रत्येक वेळी तोच परिच्छेद परत आला. त्या आठवड्यात मी फार हताश झाले. मुदत चालू, बिल हातात, दोष डोळ्यांना दिसणारा, तरीही काही करता येत नव्हतं.

काम पूर्ण थांबलं नाही याचं श्रेय प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सला. रेंडर अतिशय हळू होत होते, पण मॉडेलिंगची हलकी कामं आणि पत्रव्यवहार चालू राहिला. नवा कॉम्प्युटर जुळवत असाल तर हे जरूर लक्षात घ्या: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो त्यांत ही सोय नसते. कार्ड दुरुस्तीला गेलं की त्या कॉम्प्युटरवर चित्रच येत नाही.

मार्चमध्ये नव्या कार्डाचा शोध सुरू केला. कोणती चिप घ्यायची हे तासाभरात ठरलं. त्या चिपचं कोणत्या कंपनीचं कार्ड घ्यायचं, यावर मात्र जवळजवळ महिना गेला, आणि तो वेळ कारणी लागला असं मला आजही वाटतं. चिप एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलची असते. ती घेऊन बोर्ड, पंखे आणि वीजपुरवठ्याचं सर्किट जुळवणारी कंपनी बहुतेक वेळा निराळी: एसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, पीएनवाय, सॅफायर, पॉवरकलर, एक्सएफएक्स. वॉरंटी देते ती ही बोर्ड बनवणारी कंपनी. एनव्हिडियाची स्वतःची फाउंडर्स एडिशन कार्डं हा अपवाद, त्यांची ३ वर्षांची वॉरंटी एनव्हिडियाच देते. एकाच चिपच्या वेगवेगळ्या कार्डांत वेगाचा फरक जेमतेम काही टक्क्यांचा असतो. बिघडल्यावर मिळणाऱ्या वागणुकीतला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

आधी मी एक तक्ता केला आणि पहिल्या रकान्यात वर्षं लिहिली. तिथे बहुतेकांपुढे ३ होते, कुठे २, तर कुठे ऑनलाइन नोंदणी केली तर ४ किंवा ५. झोटॅक आणि गिगाबाइटच्या काही मालिकांना अशी वाढीव मुदत आहे, पण ती देशागणिक बदलते आणि खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच नोंदणी करावी लागते. ते दिवस उलटले की वाढीव मुदत गेली. म्हणून कंपनीच्या जागतिक पानावर विसंबू नका, ज्या देशात कार्ड विकत घेताय त्या देशाचं पान निवडूनच अटी वाचा. परदेशातून स्वस्तात आणलेल्या कार्डाला अनेक कंपन्या स्थानिक सेवा देत नाहीत, ते जिथून घेतलं तिथेच पाठवायला सांगतात.

अटी जसजशा वाचत गेले तसतसे तक्त्यात रकाने वाढत गेले. मुदत कधीपासून मोजतात हा पहिला. बिल असेल तर साधारणपणे बिलाच्या तारखेपासून, पण बिल नसेल तर काही कंपन्या सिरियल नंबरवरून निघणारी उत्पादनाची तारीख धरतात. कार्ड गोदामात आणि दुकानात सहा महिने पडून राहिलं असेल तर ते सहा महिने आपल्याच मुदतीतून जातात. ऑनलाइन बिलाची पीडीएफ त्याच दिवशी दोन ठिकाणी जपून ठेवावी ती यासाठी. आणि कागदी थर्मल पावती मिळाली तर लगेच फोटो काढा, वर्षभरात त्यावरची शाई उडून जाते.

दुसरा रकाना, क्लेम कुणाकडे करायचा. काही कंपन्या ग्राहकाशी थेट व्यवहार करतात, काही विक्रेत्याकडे पाठवतात, तो डिस्ट्रिब्युटरकडे पाठवतो, आणि डिस्ट्रिब्युटर कंपनीकडे. मधले हात वाढले की प्रत्येकाच्या टेबलावर कार्ड थोडे थोडे दिवस पडून राहतं. शिवाय मधला विक्रेता धंदा बंद करून गेला तर पुढचा रस्ता कोणता, हे अटींत क्वचितच लिहिलेलं असतं. काही ठिकाणी कायदाच विक्रेत्याला बांधून घेतो. युरोपीय संघात नव्या वस्तूवर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी असते आणि ती विक्रेत्याने द्यायची असते, कंपनीची वॉरंटी त्यावर जादा. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते खरेदीआधी अर्धा तास काढून वाचा, क्लेम अडकला की तोच कामी येतो.

आजीवन वॉरंटीविषयी वाचताना मी बराच वेळ थांबले. बीएफजी टेक्नॉलॉजीज ही अमेरिकी कंपनी एके काळी एनव्हिडियाच्या कार्डांवर आजीवन वॉरंटी द्यायची. २०१० मध्ये कंपनीच बंद पडली आणि त्या वॉरंटीला कुणी वाली उरला नाही. याउलट ईव्हीजीएने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातून अंग काढून घेतलं, तरी विकलेल्या कार्डांच्या वॉरंट्या पाळू असं जाहीर केलं. कंपनी इतर वस्तू विकत होती, त्यामुळे ते शक्यही होतं. हे वाचल्यावर कंपनी किती वर्षं या धंद्यात आहे आणि ग्राफिक्स कार्डांशिवाय आणखी काय विकते, याचाही एक रकाना मी ठेवला. नव्या, एकाच मालावर उभ्या असलेल्या कंपनीची लांब मुदत मला मोठ्या कंपनीच्या ३ वर्षांपेक्षा कमी भरवशाची वाटते.

स्क्रूवरच्या स्टिकरचा प्रश्न कार्ड साफ करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. अनेक कार्डांच्या मागे एका स्क्रूवर ‘स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द’ अशा अर्थाचं छोटं लेबल असतं. एनव्हिडियाच्या ३०८० आणि ३०९० या जीडीडीआर६एक्स प्रकारच्या मेमरीच्या कार्डांच्या वेळी हा प्रश्न फार गाजला, कारण मेमरीचं तापमान ११० अंशांपर्यंत चढायचं आणि थर्मल पॅड (मेमरीची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलले की ते बरंच उतरायचं. पण पॅड बदलायचे तर कूलर, म्हणजे पंख्यांसकट कार्ड थंड ठेवणारा भाग, उघडायला हवा. ईव्हीजीए कूलर काढायला परवानगी देत असे, कार्डाला इजा होऊ नये आणि क्लेमच्या वेळी ते मूळ स्थितीत असावं एवढीच अट. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एएसरॉक, झोटॅक आणि गिगाबाइट यांना अशा स्टिकरांबद्दल ताकीद देणारी पत्रं पाठवली, कारण तिथल्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यात अशी सरसकट अट बसत नाही. इतर देशांत हा कायदा लागू नाही. म्हणून कूलर उघडला तर चालेल का, हे कंपनीकडून लेखी मागवणं सगळ्यात बरं.

माझ्यासाठी सगळ्यात अवघड रकाना होता व्यावसायिक वापराचा. क्रिप्टो मायनिंगच्या, म्हणजे कार्डं अहोरात्र चालवून क्रिप्टो चलन कमावण्याच्या, लाटेनंतर अनेक कंपन्यांनी ‘व्यावसायिक वापरास वॉरंटी नाही’ असं कलम घातलं किंवा आधीचं कडक केलं. हेतू मायनिंगवाल्यांना वगळण्याचा असेलही, पण घरी एका कार्डावर पोटापाण्यासाठी रेंडर करणारी बाई त्या कलमात येते की नाही, हे अटींवरून कळत नव्हतं.

म्हणून मार्चच्या शेवटी मी यादीतल्या प्रत्येक कंपनीच्या सपोर्टला एकच पत्र पाठवलं. प्रश्न नेमके आणि आकडे घालून. घरी एका कॉम्प्युटरवर रेंडरिंग करून कमाई केली तर वॉरंटी राहील का? बिल देऊन कार्ड विकलं तर पुढच्या मालकाला वॉरंटी मिळेल का? क्लेमच्या वेळी जातानाचा आणि येतानाचा कुरिअर खर्च कुणाचा? बदलून दिलेलं कार्ड नवं असतं की दुरुस्त केलेलं, आणि त्यावर मुदत किती? ते मॉडेल बंद झालं असेल तर काय देता? अख्ख्या वर्षात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या पत्रांच्या उत्तरांनी. एकीकडून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, पण त्यात फक्त अटींच्या पानाची लिंक. एकीने विक्रेत्याला विचारा म्हणून सांगितलं. एका कंपनीकडून काहीच आलं नाही. एकीकडून मात्र चार दिवसांनी प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर आलं: घरच्या रेंडरिंगला हरकत नाही, मायनिंग आणि सर्व्हरमध्ये सतत चालवणं चालणार नाही, मूळ बिल असेल तर मालक बदलला तरी चालेल, पाठवण्याचा खर्च तुमचा, परत पाठवण्याचा आमचा, बदली कार्ड बहुधा दुरुस्त केलेलं असेल आणि त्यावर मूळ मुदतीतली उरलेली मुदत लागू राहील, मॉडेल नसेल तर त्याच्या तोडीचं किंवा वरचं. खाली उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तिकीट क्रमांक. ते पत्र मी पीडीएफ करून बिलाच्याच फोल्डरमध्ये ठेवलं.

त्याच कंपनीचं कार्ड घेतलं, एप्रिलच्या मध्याला. स्पर्धकाच्या कार्डापेक्षा ते साधारण पाच-सहा टक्के महाग पडलं आणि मुदत २ वर्षांनी कमी होती. थेट क्लेम आणि लेखी उत्तर यांसाठी तो फरक मी खुशीने मोजला. विक्रेत्याकडूनही एक गोष्ट विचारून घेतली होती: पहिल्या काही दिवसांत कार्ड बंद पडलं तर तो स्वतः बदलून देतो की कंपनीकडे पाठवतो. बदलून देणारा निवडा. सुरुवातीच्या दिवसांत त्याच्याकडून नवं कोरं कार्ड मिळतं, पुढे कंपनीकडून दुरुस्त केलेलं येण्याची शक्यता जास्त.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढला. सिरियल नंबर तीन ठिकाणी असतो, खोक्यावर, कार्डाच्या मागच्या लेबलवर आणि बिलावर, तो तिन्हीकडे एकच आहे का पाहिलं. स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी आणि वीजजोडणीचा कनेक्टर यांचे जवळून फोटो घेतले. ही मेहनत वायफळ नाही, कारण भौतिक इजेला जवळजवळ कुणीच वॉरंटी देत नाही: वाकलेली पिन, करपलेला कनेक्टर, वजनाने स्लॉटजवळ तडा गेलेला बोर्ड. २०२२ च्या अखेरीस एनव्हिडियाच्या ४०९० कार्डांचे १२व्हीएचपीडब्ल्यूआर नावाचे वीजजोडणीचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक कारण निघालं. प्लग टेकेपर्यंत आत ढकला, कनेक्टरपाशी केबल लगेच वाकवू नका, आणि जड कार्डाला खालून आधार द्या. नोंदणी त्याच संध्याकाळी केली. पहिल्या आठवड्यात ओसीसीटी या तपासणीच्या सॉफ्टवेअरची मेमरी चाचणी रात्रभर चालवली आणि तिचे स्क्रीनशॉट ठेवून दिले.

ऑक्टोबरमध्ये रेंडर मध्येच तुटायला लागले. ओसीसीटीच्या ज्या चाचणीत एप्रिलमध्ये शून्य चुका होत्या, तिथे आता काही मिनिटांत चुका दिसू लागल्या. जुन्या कार्डाच्या आठवणीने पोटात गोळा आला. पण या वेळी सगळे कागद एका फोल्डरमध्ये होते. तिकिटात बिल, सिरियल नंबरचा फोटो, एप्रिलचे आणि आताचे स्क्रीनशॉट, पॉवर सप्लायचं मॉडेल आणि वॅट, आणि आधीच करून पाहिलेल्या उपायांची यादी असं सगळं पहिल्याच वेळी जोडलं. तरी त्यांनी कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहायला सांगितलं. ते टाळू नका. दुसरीकडेही तोच दोष दिसला की पुढे शंकेला जागा राहत नाही. तिथलाही व्हिडिओ पाठवला, आणि दोन दिवसांत आरएमए क्रमांक, म्हणजे कार्ड परत पाठवायच्या मंजुरीचा क्रमांक, आला.

कार्ड अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत, मूळ फोममध्ये, मूळ खोक्यात, आणि ते खोकं आणखी एका मोठ्या खोक्यात बसवलं. सोनेरी पट्टीवरची प्लॅस्टिकची टोपी जपून ठेवली होती, ती लावली. केबलचे अडॅप्टर, आधाराची दांडी असल्या वस्तू पाठवल्या नाहीत, त्या परत येत नाहीत. आरएमए क्रमांक बाहेरच्या खोक्यावर लिहिला, बंद करण्याआधी आणि नंतर फोटो घेतले. कुरिअर आणि विमा मिळून कार्डाच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास खर्च आला. विमा आवर्जून उतरवा आणि पार्सलची किंमत बिलाप्रमाणेच लिहा. वाटेत काही झालं तर कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि कुरिअरवाले विम्यापलीकडे जात नाहीत.

मग वाट पाहणं. पार्सल पोचल्याची नोंद लवकर झाली, पुढे दोनेक आठवडे साइटवर ‘तपासणी सुरू’ एवढंच दिसत होतं. हा काळ सगळ्यात जीव खाणारा. एकदा नम्रपणे विचारणा केली तेव्हा कळलं की दोष त्यांनाही दिसला आहे आणि बदली कार्डाची वाट पाहिली जाते आहे. दर दिवशी नवं तिकीट उघडू नये, काही ठिकाणी त्याने आधीचं तिकीट रांगेत मागे जातं. त्याच तिकिटावर उत्तर द्यावं. या दिवसांसाठी कामाच्या तारखा मी ग्राहकांकडून आधीच पुढे ढकलून घेतल्या होत्या. शक्य असेल तर क्लेम पाठवण्याआधीच तेवढं करा.

नोव्हेंबरच्या मध्याला पार्सल आलं. मॉडेल तेच, सिरियल नंबर निराळा, कूलरवर पुसट ओरखडा, म्हणजे दुरुस्त केलेलं कार्ड. लेखी उत्तरात सांगितलं होतं तसंच, त्यामुळे धक्का बसला नाही. पहिल्याच रात्री पुन्हा मेमरी चाचणी, मग दोन दिवस सलग रेंडर. भाराखाली बारीक शीळ ऐकू येते, तो कार्डावरच्या कॉइलचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सर्किटमधल्या तारेच्या वेटोळ्याचा, आवाज. बहुतेक कंपन्या त्याला दोष मानत नाहीत, आणि चाचण्या स्वच्छ असल्याने मीही ते सोडून दिलं.

एक काम मात्र उरलं होतं. साइटवरच्या माझ्या नोंदणीत अजून जुनाच सिरियल नंबर दिसत होता, आणि बिलावरही तोच. बदली कार्डाचा क्लेम पुढे करावा लागला तर बिलाशी नंबर जुळणार नाही. तिकीट बंद होण्याआधी मी सपोर्टकडून तीन गोष्टी एका पत्रात लिहून घेतल्या: जुना नंबर, त्याच्या बदल्यात दिलेला नवा नंबर, आणि वॉरंटी संपण्याची तारीख. नोंदणीतला नंबर त्यांनी बदलून दिला, त्याला आणखी आठवडा लागला. ते पत्र आता बिलाच्या मागे जोडलेलं आहे. पुढे कधी कार्ड विकलं तर दोन्ही कागद घेणाऱ्याच्या हातात देणार आहे, आणि मालक बदलला तरी वॉरंटी राहील असं सांगणारं मार्चमधलं ते उत्तरही.